टॉवरसमोरच्या फुटपाथवर झाड जगवायचं असेल तर

लोअर परळच्या एका नव्या टॉवरसमोर बारा ताम्हणं लावली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यातली सात वाळली, तेव्हा तिथे राहणाऱ्या एका काकांनी मला बोलावून घेतलं. पाणी कमी पडलं, असाच सगळ्यांचा समज होता. आम्ही एक वाळलेलं झाड उपसलं. नर्सरीची काळी पिशवी मुळांवर तशीच होती, फक्त एका बाजूने ब्लेडने चीर दिलेली. आतली मुळं चकलीच्या वेढ्यांसारखी गोल गोल फिरलेली. खड्ड्यात हात घातला तर कोपर बुडायच्या आत बोटांना काँक्रीट लागलं. केबल-पाइपांसाठी केलेल्या कुठल्याशा डक्टचं, म्हणजे बांधीव नळीचं, झाकण होतं ते. भोवती माती म्हणून भरलेलं होतं ते विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ आणि टाइल्सच्या कपच्या. पाणी तर रोज मिळत होतं, पण ते खाली जायला वाट नव्हती. झाडं तहानेने मेली नव्हती, मुळं कुजून मेली होती.

त्यानंतर अशी बरीच झाडं उपसून पाहिली आणि दर वेळी थोड्याफार फरकाने हेच सापडलं. म्हणून हा लेख लिहितो आहे. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांचे पदाधिकारी, तरुण वास्तुरचनाकार, वॉर्डात पाठपुरावा करणारे नागरिक या सगळ्यांसाठी. कुठलं झाड लावू, हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो. तो खरं तर बऱ्याच उशिरा यायला हवा. आधी विचारायचं ते हे की फुटपाथखाली मुळांसाठी किती जागा राखली आहे. ती जागा कागदावरच राखावी लागते. इमारत उभी राहिल्यावर ती मिळत नाही.

पहिली पायरी: नकाशा मंजूर होण्याआधी बोला

आपल्याकडे झाडांची आठवण ओसी, म्हणजे इमारतीत राहायला जायचा दाखला, जवळ आल्यावर होते. तोवर तळघर प्लॉटच्या कडेपर्यंत गेलेलं असतं, वीज, गॅस, पाणी, इंटरनेट यांनी आपापली चर खणून घेतलेली असते आणि झाडाच्या वाट्याला उरतो तो दोन डक्टांमधला दीड फुटाचा तुकडा.

सोसायटी पुनर्विकासाला जात असेल, तर विकास करारनाम्यातच तीन गोष्टी लिहून घ्या. एक, समोरच्या बाजूला तळघराची भिंत प्लॉटच्या हद्दीपासून किती आत राहील. दोन, कंपाउंडची भिंत मागे घेऊन फुटपाथला किती पट्टा जोडला जाईल. तीन, लावलेल्या झाडांची तीन उन्हाळे देखभाल कोण करेल आणि त्यासाठी किती रक्कम राखून ठेवली जाईल. तिसऱ्या कलमावर विकासक सहसा कुरकुरत नाही, कारण एकूण खर्चात ती रक्कम किरकोळ असते. खरी वाटाघाट पहिल्या कलमावर होते, कारण तिथे पार्किंगच्या जागा जातात. तरीही ते सोडू नका. हद्दीपासून दोन-तीन मीटर खरी जमीन शिल्लक राहिली, तर फुटपाथवरच्या झाडाची मुळं तिकडे पसरू शकतात.

फुटपाथ महापालिकेचा असतो. तिथे काहीही करायचं तर वॉर्ड कार्यालयाची आणि उद्यान विभागाची परवानगी लागते. ती मागताना नुसतं सौंदर्यीकरण असा शब्द अर्जात घालू नका. फुटपाथचा आडवा छेद काढून जोडा. कर्ब, म्हणजे फुटपाथची रस्त्याकडची कड, कुठे, चालायची वाट किती, माती कुठे आणि किती खोल, पाणी कुठे जाणार. असा छेद समोर असला की अधिकाऱ्यालाही हो म्हणणं सोपं जातं.

दुसरी पायरी: उभी झाडं आधी मोजा

नव्या दहा रोपांपेक्षा जागेवर असलेला एक जुना वर्षावृक्ष रस्त्याला जास्त सावली देतो आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं देत राहतो. त्यामुळे काम सुरू होण्याआधी फुटपाथवरच्या आणि प्लॉटच्या कडेच्या प्रत्येक झाडाची यादी करा: जात, खोडाचा घेर, फांद्यांचा पसारा, फोटो, तारीख.

महाराष्ट्रात शहरातल्या झाडांना १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. या तरतुदी सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवाव्यात. चाळीस वर्षांचं एक झाड तोडलं तर चाळीस झाडं लावावी लागतील हे कळलं, की ते झाड वाचवायचा मार्ग लोक आपणहून शोधू लागतात.

पण झाड नुसतं उभं ठेवलं म्हणजे वाचलं असं नाही. जमिनीखाली मुळं तुटली तर ते दोन-तीन पावसाळ्यांत आडवं होतं, आणि तेव्हा बांधकामाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि मुंबईत शेकडो झाडं पडली. त्यातली काही मी जवळून पाहिली. एका बाजूची मुळं करवतीने कापल्यासारखी सपाट होती, आणि ती बाजू जुन्या चरीची होती.

मुळांचं संरक्षणक्षेत्र काढायचा साधा हिशोब असा. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळा, घेराला ३.१४ ने भागा. जो व्यास येईल त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ हे झाडाचं क्षेत्र. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर व्यास ५० सेंटिमीटर आणि त्रिज्या सहा मीटर. गर्दीच्या रस्त्यावर पूर्ण वर्तुळ मिळणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण जितकं मिळेल तितक्याला पत्र्याचं किंवा बांबूचं पक्कं कुंपण घाला, आणि कुंपणाच्या आत लोखंड, सिमेंटच्या गोण्या, मिक्सर धुतलेलं पाणी यातलं काही येऊ देऊ नका. सिमेंटचं पाणी माती इतकी अल्कधर्मी करतं की पानं पिवळी पडत जातात. चर झाडाजवळून जात असेल तर तिथे जेसीबी नको, हाताने खणा. मनगटाएवढं मूळ दिसलं की थांबा आणि पाइप त्याच्या खालून घ्या. तळघर कोरडं ठेवायला महिनोन् महिने पंप चालतो, त्याने आसपासचं भूजल खाली जातं. उन्हाळ्यात त्याच पंपाचं पाणी स्वच्छ असेल तर या झाडांना द्या.

मुंबईत २०२३ मध्ये रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचं मोठं काम सुरू झालं, त्यामुळे टॉवरच्या कंत्राटदाराने सांभाळलेलं झाड रस्त्याच्या कंत्राटदाराच्या हाती जखमी होऊ शकतं. कुंपणावर झाडाचा क्रमांक आणि सोसायटीतल्या जबाबदार माणसाचा फोन लिहून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण कामगार फोन करतात. माझा अनुभव तरी तसाच आहे.

तिसरी पायरी: फुटपाथ रुंदीत वाटून घ्या

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत चालायच्या मोकळ्या वाटेची किमान रुंदी १.८ मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर दिली आहे. समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील इतकी ही जागा. बाजारपेठेत याहून जास्त हवी. कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या आत. ही १.८ मीटरची वाट आधी आखा आणि तिच्यात ना झाड येऊ द्या, ना कुंडी, ना विजेचा डीपी बॉक्स.

आता तीन मीटरचा फुटपाथ घ्या. १.८ मीटर वाट, उरले १.२ मीटर. हा १.२ मीटरचा पट्टा रस्त्याच्या कडेला ठेवायचा. झाडं, दिव्याचे खांब, बाक, कचऱ्याचा डबा, फेरीवाल्याची जागा, सगळं याच पट्ट्यात. पण उंच भिंतीला घासून कुणी चालत नाही. माणूस भिंतीपासून फूटभर तरी लांब राहतो, म्हणजे १.८ ची वाट प्रत्यक्षात दीड मीटरच होते. म्हणून कंपाउंडची भिंत मागे घेण्याचा आग्रह. तिथे भिंतीऐवजी गुडघाभर उंचीचा बसायचा कट्टा असेल तर वाट मोकळी वाटते आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा मिळते.

फुटपाथ दोन मीटरचाच असेल तर त्यात झाड कोंबू नका. पार्किंगच्या दोन गाड्यांमध्ये कर्ब पुढे काढून तिथे झाडाची जागा करता येते. दर दोन गाड्यांनंतर एक झाड. त्यासाठी वाहतूक विभागाशीही बोलावं लागतं, पण अरुंद रस्त्यांवर मला हाच उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद करताना जुनी झाडं जागच्या जागी ठेवून त्यांच्या अवतीभवती बसायची आणि चालायची जागा केली. तिथे एकदा संध्याकाळी जाऊन, टेप घेऊन मोजमापं घ्या. कागदावरच्या आकड्यांपेक्षा ते जास्त शिकवतं.

टॉवरच्या गेटपाशी मात्र फुटपाथ सरसकट खाली उतरवला जातो, म्हणजे गाडीसाठी माणूस खाली उतरतो. उलटं करा. फुटपाथची पातळी गेटसमोरूनही तशीच जाऊ द्या, गाडी उताराने वर चढेल. आणि अग्निशमन विसरू नका. उंच इमारतीभोवती ४५ टनांपर्यंतच्या गाडीचा भार पेलणारी मोकळी जागा लागते. तिच्या वाटेत किंवा शिडी उभी करायच्या जागेत झाड लावलं, तर ते पुढे कापलंच जाणार. अग्निशमन दलाचा मंजूर नकाशा मागवून त्यावरच झाडांच्या जागा आखा.

चौथी पायरी: खाली काय आहे ते पाहा

फुटपाथखाली विजेच्या केबल, पाण्याची लाइन, गॅसची पिवळी पाइप, टेलिफोन, मलवाहिनी, पर्जन्यजल वाहिनी असते आणि कुठल्या नकाशावर नसलेलं बरंच काही असतं. प्रत्येक संस्थेकडून नकाशा मागवा, पण त्यावर विसंबून राहू नका. जिथे झाड लावायचं ठरतंय तिथे दर १०-१२ मीटरवर एक चाचणी खड्डा हाताने खणा, मीटरभर खोल. दिसेल ते मोजून नकाशावर उतरवा.

टॉवरचं काम चालू असताना सगळ्या जोडण्या तशाही नव्याने होतात. त्यामुळे त्या चालायच्या वाटेखाली एकाच डक्टमध्ये घेता येतात आणि रस्त्याकडचा १.२ मीटरचा पट्टा मातीसाठी मोकळा राहतो. ही संधी इमारतीच्या आयुष्यात एकदाच मिळते. डक्टवर सुटी झाकणं ठेवा, म्हणजे दुरुस्तीसाठी फुटपाथ फोडावा लागणार नाही आणि मुळंही वाचतील.

पाचवी पायरी: माती, घनमीटरमध्ये

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो.

एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा म्हणजे एक घनमीटर माती. आपल्या फुटपाथवर याहून मोठा खड्डा क्वचित दिसतो. झाडाला किती लागते? बागतज्ज्ञांचा ढोबळ हिशोब असा की पूर्ण वाढलेल्या झाडाचा पसारा जमिनीवर जितके चौरस मीटर झाकेल, त्याला ०.६ ने गुणा. येईल तितके घनमीटर माती हवी. सहा मीटर पसाऱ्याचं झाड सुमारे २८ चौरस मीटर झाकतं, म्हणजे जवळपास १७ घनमीटर. टोरंटो शहराच्या नियमात तर दर झाडाला ३० घनमीटर आणि माती सामाईक असेल तर दर झाडाला २० घनमीटर लागते. आपल्याकडचा पाऊस आणि उष्मा वेगळा आहे, आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण एक आणि सतरा यांतला फरक हवामानाने भरून निघत नाही.

उपाय म्हणजे सुटे खड्डे सोडून सलग चर करायची. १.२ मीटर रुंद, एक मीटर खोल आणि १५ मीटर लांब चर म्हणजे १८ घनमीटर. साडेचार मीटर पसाऱ्याच्या झाडाला साधारण साडेनऊ घनमीटर लागतात, म्हणजे या चरीत मध्यम आकाराची दोन झाडं जवळपास बसतात. तीन नाहीत. नकाशावर गर्दी छान दिसते म्हणून पाच लावणारे भेटतात. मी दोनवर अडून बसतो.

चरीत जास्त भर घालायची असेल तर चालायच्या वाटेखालीही माती नेता येते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात यासाठी खडी आणि मातीचं मिश्रण तयार झालं: वजनाने चार भाग २० ते ४० मिलिमीटरची खडी, एक भाग चिकणपोयटा. खडी एकमेकींत अडकून वरचा भार पेलते, माती फटींमध्ये भुसभुशीत राहते आणि मुळं त्या फटींतून वाट काढतात. स्टॉकहोममध्ये याहून मोठे, १०० ते १५० मिलिमीटरचे दगड अंथरून फटींत माती धुऊन सोडतात. आपल्याकडे काळ्या दगडाची खडी सहज मिळते. फक्त खडीच्या नावाखाली डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, येत नाही ना हे डंपर उलटण्याआधी पाहा. काँक्रीटचे तुकडे माती बिघडवतात. हिशोबात मात्र खडीच्या मिश्रणाचा चौथा भागच माती म्हणून धरा.

मोकळ्या चरीत काय भरायचं? आकारमानाने निम्मी पोयट्याची किंवा लाल माती, एक तृतीयांश खरखरीत वाळू किंवा धुतलेली क्रश सँड, उरलेलं नीट कुजलेलं कंपोस्ट. शेणखत जास्त घातलं की सगळं छान काळंभोर दिसतं, पण वर्षभरात माती फूटभर खाली बसते आणि झाडही खाली जातं. कच्चं खत तर मुळं जाळतं. तळाशी आधी पाण्याची परीक्षा घ्या. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. काही तासांत मुरलं तर ठीक. सकाळपर्यंत साचून राहिलं तर तळाला भोकं असलेली पाइप टाकून ती पर्जन्यजल वाहिनीला जोडा. परळ, हिंदमाता, दादर अशा सखल भागात ही पाइप लागतेच असं धरून चाला.

याचा आणखी एक फायदा आहे. पर्जन्यजल वाहिन्यांसाठी मुंबईत ताशी ५० मिलिमीटर पावसाचं माप धरलं जातं. १५ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद फुटपाथवर तासभर असा पाऊस पडला तर सव्वादोन घनमीटर पाणी जमतं. चरीतल्या मातीत पंधरा टक्के जरी मोकळ्या फटी असल्या, तरी ती २.७ घनमीटर पाणी घेते. म्हणजे पहिला तासभराचा पाऊस फुटपाथवरून रस्त्यावर जातच नाही. त्यासाठी चरीची कड फुटपाथच्या पातळीत ठेवा. उंच किनार बांधली की पाणी आत येत नाही.

आता वरचं झाकण. खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक लावणं हा आपल्या शहरांचा जुना रोग. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायचा आदेश दिला. कुठल्याही वॉर्डात पत्र लिहिताना हा दाखला उपयोगी पडतो. मोकळी जागा किमान १.२ मीटर लांब आणि तितकीच रुंद ठेवा आणि त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. पाचोळा खोडाला टेकू देऊ नका. गर्दी जास्त असेल तर सुटी खडी पसरा. लोखंडी जाळी लावलीच तर मधलं भोक मोठं करता येईल अशी. जाळी खोडात रुतलेली झाडं मी मोजायची सोडून दिली आहेत. आणि पार बांधायचा असेल तर जरूर बांधा, गावच्या पिंपळाचा पार कुणाला नको आहे? पण जुना पार दगडमातीचा, कडेने मोकळा श्वास घेणारा असायचा. खोडावर दोन फूट भराव घालून वर ग्रॅनाइट बसवणं म्हणजे झाडाचा गळा आवळणं.

सहावी पायरी: टॉवर हवा आणि ऊन बदलतो

चार मजली चाळीच्या जागी दीडशे मीटरची इमारत आली की रस्त्याचं हवामान बदलतं. वरून येणारा वारा काचेच्या भिंतीवर आदळून खाली उतरतो आणि कोपऱ्यांवरून जोराने वळतो. मुंबईत पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूचा कोपरा सर्वांत वाईट. तिथे एकटं उंच झाड लावू नका. तीन-चार झाडं जवळजवळ, खाली दाट झुडपं, अशी फळी उभी करा.

सावलीचाही हिशोब करा. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी दीडशे मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेला सुमारे १३७ मीटर लांब पडते. मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे उत्तरेकडच्या फुटपाथला हिवाळ्यात ऊन जवळपास नाही आणि मेमध्ये एकदम कडक. दक्षिण आणि पश्चिम बाजूला उलट अडचण: काचेवरून परतणारं ऊन. लंडनमध्ये २०१३ साली एका अंतर्वक्र काचेच्या इमारतीवरून परतलेल्या उन्हाने रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळले होते. आपल्याकडे इतकं टोकाचं होत नसलं तरी काचेसमोरच्या रोपांची पानं कडेने करपलेली मी पाहिली आहेत.

तळघरातली गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या आणि जनरेटरचा धूर फुटपाथकडे तोंड करून नसावा. तो असेल तर तिथे कुठलंही झाड टिकणार नाही. हे नकाशावरच बदलून घ्या.

सातवी पायरी: आता झाड निवडा

बिल्डरला पाम आवडतात, कारण ते पहिल्या दिवसापासून रांगेत उभे दिसतात. पण रॉयल पाम किंवा फॉक्सटेल पाम सावली देत नाही, आणि मेमध्ये बसथांब्यावर उभ्या बाईला रांगेची शोभा नको असते, सावली हवी असते. गुलमोहर आणि सोनमोहर फुलले की डोळ्यांचं पारणं फिटतं, मलाही ते प्रिय आहेत. मात्र त्यांचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. टॉवरच्या वाऱ्यात मी ते लावत नाही. कोनोकार्पस हे झपाट्याने वाढणारं परदेशी झाड तर नकोच. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वड, पिंपळ, उंबर उभे असतील तर जिवापाड जपा, पण १.२ मीटरच्या चरीत नव्याने लावू नका.

माझी पसंती अशी. वाऱ्याच्या आणि खाऱ्या हवेच्या बाजूला करंज, उंडी, भेंड. उंडी सावकाश वाढते, पण एकदा धरली की समुद्रावरच्या वाऱ्यालाही बधत नाही. दिवसभर उन्हातल्या फुटपाथवर बहावा आणि ताम्हण. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यपुष्प, आकाराने मध्यम आणि चरीत बसणारं. बकुळ बारमाही हिरवी, दाट सावलीची. वाढायला वेळ घेते, पण पहाटे तिच्याखाली पडलेली फुलं वेचायला लोक थांबतात, आणि ज्या झाडाखाली लोक थांबतात ते झाड सहसा कुणी तोडू देत नाही. उत्तरेकडच्या सावलीत सीता अशोक लावा. त्याला अर्धी सावली आणि ओलावाच आवडतो. तिथे पुत्रंजीवही चालतो. कडुनिंब पुण्यात उत्तम. मुंबईच्या सखल, पाणी तुंबणाऱ्या जागी तो रडत वाढतो. जांभूळ चालायच्या वाटेपासून लांब, नाहीतर जूनमध्ये फरशी जांभळी होते आणि पाय घसरतात.

एका रस्त्याला एक मुख्य जात ठेवली की रस्त्याला चेहरा येतो. दादरच्या पारशी कॉलनीत ती वसवणाऱ्या मंचेरजी जोशींनी रस्त्यारस्त्याला वेगळी जात ठेवली, ते अजूनही पाहता येतं. पण एकाच जातीवर सगळा भार टाकला तर रोग आला की पूर्ण रांग जाते. पिठ्या ढेकूण या किडीने मुंबईचे वर्षावृक्ष कसे वाळवले ते आपण पाहिलं. म्हणून मुख्य जात दोन तृतीयांश, बाकी दोन-तीन जाती मिसळा.

आठवी पायरी: कुंड्या आणि बांधलेले वाफे

कुंडी झाडाची जागा घेऊ शकत नाही. जिथे खाली तळघर आहे किंवा डक्ट हलवता येत नाही, तिथेच कुंडी. ओली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते, त्यामुळे तळघराच्या स्लॅबवर वाफा बांधण्याआधी संरचना अभियंत्याची लेखी संमती घ्या. झुडपांना ४५ ते ६० सेंटिमीटर माती, छोट्या झाडाला मीटरभर तरी. कड ४५ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद ठेवली की ती बाक होते. तळाची भोकं दिसतील आणि साफ करता येतील अशी ठेवा. खाली ताटल्या ठेवू नका, डेंग्यूच्या डासांना तेवढंच पाणी पुरतं. खडीच्या थरापेक्षा तळावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) आणि मोकळी भोकं जास्त कामाची.

गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथभर कुंड्या मांडण्याची पद्धत पडली आहे. त्यासाठी बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे बुटके खांब, लावा. कुंडीने १.८ मीटरची वाट अडली तर ती अडगळच.

नववी पायरी: लावायचा दिवस

ओसी एप्रिलमध्ये मिळणार म्हणून झाडं एप्रिलमध्ये लावू नका. जूनचा पाऊस नीट लागला की लावा, आणि ही तारीख करारात घाला. आंध्रच्या कडियममधून ट्रकवर येणारी वीस फुटी झाडं मोहात पाडतात. त्यांची बहुतेक मुळं मागे राहिलेली असतात आणि गोळ्याची चिकण माती तुमच्या भुसभुशीत मिश्रणातलं पाणी आत घेत नाही. आठ-दहा फुटी, सरळ शेंड्याचं रोप घ्या. तीन-चार वर्षांत ते त्या मोठ्या झाडाला गाठतं, असं मी एकाच रस्त्यावर दोन्ही लावून पाहिलं आहे.

पिशवी पूर्ण काढा. गोल फिरलेली मुळं धारदार कात्रीने कापा, हात कचरू देऊ नका. जिथे खोड रुंद होऊन मुळं सुरू होतात ती जागा मातीच्या वर दिसलीच पाहिजे. पिशवीत ती बहुधा दोन-तीन इंच गाडलेली असते, वरची माती खरवडून शोधा. बांबूचे दोन टेकू, उंचीच्या एक तृतीयांशावर, काथ्याने आठच्या आकारात सैल बांधा. खोड थोडं हललं पाहिजे, त्यानेच ते जाड होतं. आळं करून ४० लिटर पाणी लगेच.

तीन उन्हाळे

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा ४० ते ५० लिटर, सावकाश. दुसऱ्यात एकदा. तिसऱ्यात गरज पाहून. रोज बादलीभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दीड वर्षात टेकू काढा, दोन वर्षांत ट्री गार्ड. दिव्यांच्या माळा आणि खिळे खोडाला लागू देऊ नका. खाऊच्या गाडीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. गरम तेल आणि मिठाचं पाणी आळ्यात ओतायचं नाही, बदल्यात सावलीतली जागा त्यांची. खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढत फुटपाथवर अडीच मीटर आणि रस्त्याच्या बाजूने साडेपाच मीटर मोकळी उंची आणा. ती लहानपणी, फांदी अंगठ्याएवढी असताना काढली की जखम वर्षात भरते. बुडाशी कापायची, खुंट ठेवायचा नाही.

लोअर परळच्या त्या टॉवरसमोर आम्ही सलग चर करून पुन्हा झाडं लावली. वाळलेल्या सातांच्या जागी चारच. तिथल्या वॉचमनच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आहे. प्रत्येक झाडाला क्रमांक, पाणी दिल्याची तारीख आणि समोर कोण होतं त्याची सही. सहा नंबरच्या ताम्हणासमोर त्याने गेल्या मेमध्ये लिहिलं आहे, "आज पहिलं फूल."